खोली सासूबाईंच्या नावावर

८ जानेवारी

अखेर पाटी लागली. ‘कोणती साइट? इथे विचारा.’ खाली माझा फोन नंबर. पेंटरनं ‘साइट’ हा शब्द एवढा मोठा काढलाय की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे प्लॉट विकायला काढलेत. दुपारपर्यंत दोघे जण त्याच चौकशीला येऊन गेले. एकाला तर कोपऱ्यावरचाच हवा होता.

ह्यांच्या चष्म्याच्या दुकानातला उजवा कोपरा मला मिळालाय. एक टेबल, एक लॅपटॉप, समोर एक खुर्ची. माझ्या डोक्यामागे डोळे तपासायचा तक्ता आहे, त्यामुळे माझ्याशी बोलता बोलता माणसं नकळत एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लागतात. हे म्हणाले, “तक्ता हलणार नाही.” मी म्हटलं, “नका हलवू.”

इतकी वर्षं ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर काढली. एजन्सी बंद झाली, कारण आता जो तो घरबसल्या तिकीट काढतो. आणि घरबसल्या तिकीट काढायला बसला की मला फोन करतो, “अहो, ही साइट बरी की ती?” म्हणजे नोकरी गेली आणि काम तसंच राहिलं. मग म्हटलं, करायचंच तर रीतसर करू. मी बुकिंग करून देणार नाही. कोणत्या माणसाला कोणती साइट मानवेल, तेवढं सांगणार.

आम्ही दुकानाच्या वरच राहतो. सासूबाई जिना उतरून खाली आल्या, पाटी दोनदा वाचली आणि चष्म्यासाठी थांबणाऱ्या लोकांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. “माझी खुर्ची मात्र इथेच राहील,” म्हणाल्या. आता रोज दुपारी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकणार.

१६ जानेवारी

दाताचे डॉक्टर आज पुन्हा आले. समोरच्याच इमारतीत त्यांचा दवाखाना आहे, त्यामुळे दोन दाढांच्या मध्ये सवड मिळाली की येतात. त्यांना आणि त्यांच्या बायकोला तळ्यावर जायचंय आणि खोलीची खिडकी पाण्याकडे हवी. माणूस पाच साइटी एकदम उघडून बसतो. प्रत्येकीवर लाल अक्षरांत लिहून येतं, ‘ही खोली आत्ता आठ जण पाहत आहेत.’ ते वाचून यांची छाती धडधडते. मी म्हटलं, “डॉक्टर, त्या आठांतले पाच तुम्हीच आहात.” त्यांना ते पटलं नाही.

माझी पद्धत अगदी साधी आहे. मी विचारते, “गाडी चुकली तर तुम्ही कोणावर ओरडता?” स्वतःवर ओरडणाऱ्याला कुठलीही स्वस्त साइट चालते. घरच्यांवर ओरडणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत फुकट रद्द करू देणारी लागते. आणि जो परक्यावर ओरडतो त्याला फोन उचलणारा माणूस जिथे आहे तीच साइट द्यावी, नाहीतर तो येऊन माझ्यावर ओरडतो. डॉक्टर म्हणाले, “मी ओरडत नाही. मी मनात ठेवतो.” अशा माणसांसाठी साइट अजून निघायची आहे.

बाकी, अटी वाचायची कोणाला सवय नाही. “बारीक अक्षरं दिसत नाहीत हो,” म्हणतात. मी ह्यांच्याकडे बोट दाखवते. आठवड्यात चार चष्मे त्या वाटेनं खपले. हे मला काही बोलले नाहीत, पण परवा चहा त्यांनी केला.

२१ जानेवारी

वाचनालयातल्या बाईंनी काम आणलं. ज्येष्ठ प्रवाशांना कोणती साइट सोयीची, यावर एक पत्रक करून हवंय, दारात ठेवायला. माझं नाव छापणार आहेत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मी ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्यांतली नाही. प्रत्येक साइटवर खरं बुकिंग करून बघायचं, खोलीचे पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे असा पर्याय घ्यायचा, आणि मग रद्द करून बघायचं. रद्द करताना साइटची खरी जात कळते. आता यासाठी एक ज्येष्ठ नाव हवं, वय हवं, फोन हवा. ते सगळं घरातच आहे. सासूबाईंच्या नावावर खातं उघडलं. त्या काही कुठे जायच्या नाहीत. गुडघे आहेत, रक्तदाब आहे, दुपारची झोप आहे.

अडचण एकच. प्रत्येक वेळी ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. मग मी टेबलावरून हाक मारते, “आई, आकडे सांगा हो,” आणि त्या फोन हातभर लांब धरून एकेक आकडा सांगतात. 

“आज कुठे?” त्यांनी विचारलं.

“समुद्रावर.”

“किती दिवस?”

“तुम्हाला काय करायचंय, आई? आकडे सांगा, वेळ संपेल त्याची.”

संपलीच. पुन्हा मागवावा लागला.

२४ जानेवारी

ज्यानं या साइटी बनवल्या त्याच्या घरी म्हातारं माणूस नसणार. जन्मसाल निवडायला चाक फिरवत मागे मागे जायचं. सासूबाईंच्या सालापर्यंत पोचेपर्यंत माझं बोट झिजलं, आणि पोचले तर म्हणे, ‘कृपया योग्य वर्ष निवडा.’ दुसरी विचारते, प्रवासाचा उद्देश काय: व्यवसाय, मधुचंद्र की इतर. ‘इतर’ टाकलं. तर तिनं दोघांसाठी सजवलेली खोली सुचवली.

जेवताना सासूबाईंच्या फोनवर टिंग झालं. त्यांनी घास बाजूला ठेवून मोठ्यानं वाचलं, “आपली समुद्राकडची खोली तयार आहे. आम्ही आपली वाट पाहत आहोत.” हे हसले. मी म्हटलं, “लक्ष देऊ नका, यंत्र पाठवतं ते.” संध्याकाळी रद्द केलं तर पुन्हा टिंग. “आपण येऊ शकत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं,” सासूबाईंनी वाचलं, आणि फोन उशीखाली ठेवत म्हणाल्या, “निदान त्यांना वाटतं तरी.”

आता यंत्राशीही माझी तुलना व्हायला लागली.

२९ जानेवारी

आज माझा पारा चढला. एक निवृत्त मास्तर आले होते, बायकोला घेऊन डोंगरावर जायचंय म्हणून. मी त्यांना प्रश्न विचारतेय तोवर खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, “अहो, ती हिरव्या रंगाची बघा. तिच्यावर जिने किती आणि कठडा आहे का, ते आधीच लिहिलेलं असतं. निळीवर फोटो छान असतात, पण पायऱ्या झाकून काढतात.” मास्तरांनी माझ्याकडे पाठ करून खुर्ची त्यांच्याकडे वळवली. पंधरा मिनिटं दोघं बोलत होते आणि मी तक्त्याखाली शोभेची बाई.

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, “आई, एका टेबलावर दोन सल्ले नकोत. आणि तुम्ही स्वतः कधी गेलायत कुठे?”

त्या उठल्या, आणि रोजच्या वेळेच्या आधीच वर गेल्या. हे भिंग पुसत होते ते तसेच पुसत राहिले. माझं चुकलं का? चुकलं असेल. पण त्यांनी तरी मधे कशाला बोलावं? हिरव्या साइटचं मात्र खरं आहे. पत्रकात टाकावं लागणार.

१ फेब्रुवारी

सासूबाई दुकानात येत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. आकडे मागितले तर आकडे सांगतात, “आज कुठे” असं विचारत नाहीत. तेवढंच काम लवकर होतं.

आज मात्र जेवणं झाल्यावर अचानक म्हणाल्या, “तळ्यावरच्या त्या घराला जिने आहेत का गं?”

“कुठलं तळं?”

“परवा मला पाठवलंस ते.”

“मी कुठे पाठवलं, आई. टेस्ट होती ती. रद्द पण केली.”

“हं,” म्हणाल्या. “तीन पायऱ्या आहेत. कठडा डाव्या हाताला.” मग विचारलं कशाला, देव जाणे.

३ फेब्रुवारी

वरच्या गॅलरीत त्यांच्या येरझाऱ्या चालतात. सकाळ-संध्याकाळ, कठडा धरून. माझ्या टेबलाच्या नेमकं वर गॅलरी येते, त्यामुळे मला प्रत्येक पाऊल ऐकू येतं. राग माणूस असाही काढतो. ह्यांना म्हटलं, “तुमच्या आईंना समजवा.” हे म्हणाले, “चालतेय ना, चांगलंच आहे गुडघ्यांना.” ह्यांना कशातलं काही कळत नाही.

दुपारी नवे बूट घेऊन आल्या. घरी पायांत सपाता घालणारी बाई, बूट. जाड तळव्याचे. मी विचारलं, “हे कशाला?” तर म्हणाल्या, “पाय माझेच आहेत ना?”

त्यांचा फोन आज तीनदा टिंग झाला. मी तर आज एकही बुकिंग केलं नव्हतं. जुनंच काहीतरी उशिरा आलं असणार. या साइटींना वेळेचं भान नसतं. ‘तत्परता’ या रकान्यात सगळ्यांचा अर्धा गुण कापला.

५ फेब्रुवारी

त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून मीच एक केलं. खात्यावरचा फोन नंबर बदलून माझा टाकला. आता ओटीपी मला, निरोप मला, टिंगटिंग मला. त्यांना सांगायला वर गेले. वाटलं, खूश होतील, निदान सुटले म्हणतील. त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “म्हणजे मला आता काही यायचं नाही?”

“नाही. शांतता.”

“आणि आपण स्वतः काही ठरवलेलं असलं, आणि तेच त्यांनी रद्द केलं, तर कळवतात ना?”

“लगेच कळवतात. त्या बाबतीत फार काटेकोर असतात.”

तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं. निघताना मी म्हटलं, “परवाचं मनावर घेऊ नका.” त्या म्हणाल्या, “मनावर नाही घेतलं तर माणूस काही करायचाच नाही.” याचा अर्थ त्यांनी चांगलंच मनावर घेतलंय.

९ फेब्रुवारी

पत्रक उद्या द्यायचं. आज सगळा पसारा आवरला. उरलेली टेस्ट बुकिंग्ज एकेक करून रद्द केली. एक तळ्यावरची होती, पाण्याकडची खिडकी, एक व्यक्ती, चार दिवस. ती कधी केली ते आठवेना, तळ्यावरचं तर मी आधीच रद्द केलं होतं. पण नाव सासूबाईंचं, म्हणजे बुकिंग माझंच. दुसरं कोण करणार?

आणि काय सांगू, रद्द करण्याचा अनुभव इतका सुंदर कुठेच आला नव्हता. बटण दाबलं, झालं. ‘का’ नाही, ‘नक्की का’ नाही, फुलं नाहीत, रडं नाही. पत्रकात त्या साइटला पहिला नंबर दिला. ‘ज्येष्ठांना कुठलाही मनस्ताप होत नाही,’ असं मुद्दाम लिहिलं.

१० फेब्रुवारी

दाताचे डॉक्टर पळत आले. तोंडावरचा मास्कही काढला नव्हता. “मिळाली,” म्हणाले. “तळ्यावरची. पाण्याकडची खिडकी. आठवडाभर भरलेली दाखवत होते आणि काल दुपारी आपोआप सुटली.” मी म्हटलं, “आपोआप काही होत नाही, डॉक्टर. धीर धरा म्हणून मी सांगत होते.” त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी मला मनापासून धन्यवाद दिले. सुटल्यासारखं वाटलं. आता ते रोज यायचे नाहीत.

पत्रकही देऊन आले. वाचनालयातल्या बाईंनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, “हे तुम्ही एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून तपासून घेतलंय का?” मी म्हटलं, “घरातच आहेत.”

११ फेब्रुवारी

त्यांचा राग गेलेला नाही, ही माझी शंका खरी ठरली. सासूबाईंनी माळ्यावरून बॅग काढायला लावली. ह्यांनी मुकाट्यानं काढून दिली, पुसून दिली. त्यांनी गॅलरीत उन्हाला लावली. जेवताना म्हणाल्या, “परवा मी चार दिवस जाऊन येते.”

हे म्हणाले, “जा की.”

मीही म्हटलं, “जाऊन या.” दुसरं काय म्हणणार? वन्संकडे चाललेल्या आहेत, आणि तिथे जाऊन माझ्याबद्दल काय काय सांगतील ते मला इथे बसून पाठ आहे. सून बोलली. सुनेनं विचारलं, तुम्ही कधी गेलायत कुठे. वन्सं लगेच डोळ्याला पदर लावतील, आणि पुढच्या महिन्यात मला फोनवर “वहिनी, आईचं वय बघ गं” ऐकावं लागेल.

मी त्यांना इतकी वर्षं सांभाळलं असं म्हणणार नाही. त्यांनीही मला सांभाळलंय. नोकरी गेली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उगाच डबे लावत बसले होते, तेव्हा त्या आल्या आणि एक शब्द न बोलता माझ्याबरोबर डबे लावत बसल्या. म्हणूनच जास्त लागतं. भांडायचं होतं तर समोर भांडायचं, निघून कशाला जायचं? चार दिवस म्हणतात, पण बॅग मोठी काढलीय.

१३ फेब्रुवारी

सकाळी त्या निघाल्या. नवे बूट, धुतलेली साडी, हातात ती बॅग. हे त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडायला गेले. जिन्याशी मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. म्हणाल्या, “तुझं टेबल चांगलं चालू दे.” मला वाटलं, आता या परत येत नाहीत. मी तिथेच रडले असते, पण एक जण डोळे तपासायला दारात उभा होता.

स्टँडवरून हे परस्पर भिंगांची ऑर्डर आणायला गेले, त्यामुळे दुकान माझ्यावर. दुपारी टेबलावरचा फोन वाजला, तो मी नाव न बघताच उचलला. समोर एक बाई विमानाचं विचारायला बसल्या होत्या.

“पाटीवरचा नंबर ना हा?” पलीकडून आवाज आला. “एक विचारायचं होतं. मी तळ्यावर खोली घेतली होती. इथे आले तर म्हणतात, रद्द झालीय.”

सवयीनं पेन उचललं. “नाव सांगा,” म्हटलं, आणि म्हणता म्हणताच आवाज ओळखला. 

“आई? तुम्ही कुठे आहात?”

“तळ्यावर. सांगितलं ना आत्ता.”

“वन्संकडे नाही गेलात?”

“तिच्याकडे कशाला? तिच्याकडे काय तळं आहे?”

तळं, एक व्यक्ती, चार दिवस, पाण्याकडची खिडकी. बटण दाबलं, झालं. मी विमानवाल्या बाईंना हातानंच थांबायला सांगितलं आणि म्हटलं, “आई, फोन ठेवू नका. मी दुसरी खोली बघते. दोन मिनिटं.”

आणि मग इतके दिवस मी लोकांना ज्या साइटींबद्दल शहाणपण शिकवलं त्यांनी एकेक करून माझा सूड घेतला. पहिलीनं जन्मसालाचं चाक फिरवायला लावलं. दुसरीनं भलत्याच देशातलं तळं दाखवलं. तिसरीवर एक खोली दिसली, बारा जण पाहत होते, मी हात लावला आणि ती गेली. पत्रकात जिला पहिला नंबर दिला, तिनं मला विचारलं, तुम्ही यंत्र तर नाही ना, आणि सोळा चौकोनांतून वाहतुकीचे दिवे शोधायला लावले. माझी सासू परक्या गावात बॅग घेऊन उभी आणि मी दिवे शोधतेय. एक दिवा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून.

“मिळेल हां आई, मिळेल,” मी म्हणत होते.

“अगं, खोली मिळालीय मला.”

“काय?”

“मागची आहे. खिडकी भिंतीकडे आहे, पण खोली स्वच्छ आहे. माझ्या खोलीत ते आपले दाताचे डॉक्टर उतरलेत. ते बिचारे म्हणाले, बदलू या. मी नको म्हटलं. त्यांच्या बायकोनं पडदा सरकवला तेव्हा मी दारातच होते. फार खूश झाली गं ती. मग कसं म्हणायचं, उठ म्हणून? आणि मी खोलीसाठी फोन नव्हता केला.”

“मग?”

“इथला काउंटरवरचा माणूस म्हणतो, आजी, तुम्हीच रद्द केलीय, तुमच्याच खात्यावरून. मी म्हटलं, मी नाही केली. तो म्हणतो, केलीत, हे बघा. मघापासून मी बाहेर बाकावर बसून आठवतेय. हात लागला का माझा? केलं आणि विसरले का?” आवाज बारीक झाला. “तुझ्या सासऱ्यांचं शेवटी असंच झालं होतं. तेही असंच म्हणायचे, मी नाही केलं. म्हणून म्हटलं, तुला विचारावं. तुला या साइटींचं कळतं. माझं डोकं जायला लागलंय का गं?”

विमानवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्ची भिंतीकडे वळवली.

“नाही, आई. मी केली रद्द. तुमचं नाव दिसलं, मला वाटलं माझीच टेस्ट आहे. तुम्ही काही विसरला नाहीत.”

मला वाटलं, आता फोन ठेवतील, आणि ठेवलाच पाहिजे.

“म्हणजे मी नाही केली,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“बरं झालं बाई.” त्यांनी मोठा श्वास सोडला. “घाबरले होते.”

त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी काहीतरी माफीचं पुटपुटले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “महिनाभरात किती ठिकाणी गेले गं मी? समुद्रावर गेले, डोंगरावर गेले. आम्ही वाट बघतोय असा निरोप यायचा, दिवसभर मी तो पुन्हा पुन्हा वाचायची, आणि संध्याकाळी तू मला परत आणायचीस.”

“आई, मला खरंच वाटलं नव्हतं की तुम्हाला—”

“माहीत आहे. नाव घाल हवं तर पुढेही. मी नाही म्हणत नाही. पण आधी विचारत जा, आई, जायचंय का म्हणून.”

मी हो म्हटलं. मग विचारलं, “परतीचं तिकीट काढून ठेवू का? चार दिवसांनंतरचं?”

“तू नको काढूस,” त्या म्हणाल्या. “परत यायचं माझं मी बघीन.” आणि आता पाण्यावर जाऊन येते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

विमानवाल्या बाईंना मी कोणती साइट सांगितली ते मला आठवत नाही. त्यांनी विचारलं, “घरचं होतं का?” मी म्हटलं, “हो.” 

हे संध्याकाळी आले. भिंगांची खोकी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “आई पोचली का? ताईचा काही फोन नाही.” मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. टेस्टचं, बटणाचं, बाकाचं. त्यांच्या वडिलांचंही सांगितलं. हे चष्मा काढून हातात धरून बसून राहिले.

“मी तिला बसमध्ये बसवून दिलं. ताईच्या गावालाही तीच बस जाते,” म्हणाले. “खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होती. हात हलवला मला.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कुठे चाललीस, असं विचारलं नाहीस तू तिला?”

“तुम्ही?”

“मला वाटलं, तू विचारलं असशील.”